मुंबईकर मंडळाचं दप्तर कसं जपावं: नव्या कार्यकर्त्यासाठी

सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर होतात, चहा येतो, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून एखादे ज्येष्ठ उठून म्हणतात, "मंडळाला पन्नास वर्षं होतील आता. आपला इतिहास लिवायला होवा." टाळ्या पडतात. मग सगळे बघतात ते सभेतल्या सगळ्यात तरुण आणि लॅपटॉप बाळगणाऱ्या सभासदाकडे. तो सभासद तुम्ही असाल तर पुढचं वाचा.

मी लिहितोय ते कोकणातल्या गावांच्या मुंबईतल्या मंडळांबद्दल. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं, मंडळ परळचं. अशी मंडळं कशी उभी राहिली हे थोडक्यात माहीत असलं की दप्तरात, म्हणजे मंडळाच्या जुन्या वह्या-कागदांत, काय शोधायचं ते कळतं. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी रत्नागिरीकडची माणसं आली, बहुतेक एकटी. चाळीतली एक खोली गावाची म्हणून घ्यायची, भाडं वाटून घ्यायचं, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. भिंतीला ट्रंका, ट्रंकांवर नावं. कुणी वारला तर घरी कळवायचं कसं, कुणाची नोकरी सुटली तर गावी जायचं भाडं द्यायचं कुणी, शिमग्याच्या पालखीला मुंबईकरांचे किती, देवळावर कौलं की पत्रा, या प्रश्नांतून त्या खोलीत एक वही सुरू झाली. नाव, अध्यक्ष, लेटरहेड, सत्यनारायण आणि स्नेहसंमेलन हे नंतर आलं. तुमच्या मंडळाचा इतिहास त्या वहीपासून सुरू होतो. पहिल्या स्नेहसंमेलनाच्या फोटोपर्यंत येईतो बरंच काही घडून गेलेलं असतं.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट टाळा. स्मरणिकेची घाई करू नका. आम्ही ती केली. लेख मागवले, आठ लेख आले, आठांतल्या सहांत कुणीतरी ‘मुहूर्तमेढ रोवली’ होती आणि मंडळाचं ‘इवलंसं रोप’ लावलं होतं. छापून झाली, वाटून झाली. चार महिन्यांनी एका माजी खजिनदारांच्या माळ्यावरून सर्वात जुनी वही निघाली, आणि कळलं की आम्ही स्थापनेचं साल चुकवलंय, शिवाय पहिले अध्यक्ष म्हणून ज्यांचा पानभर फोटो छापला ते खरं तर तिसरे. त्यांच्या घरच्यांना हे सांगायला कोण जाणार यावर अजून एकमत झालेलं नाही. तेव्हा आधी जमवा, मग जपा. लिहायचं ते त्यानंतर.

दप्तर कुठे असतं

मंडळाच्या कार्यालयात नसतं, कारण बहुतेक मंडळांना कार्यालयच नसतं. दप्तर सचिवाच्या घरी असतं. सचिव बदलला की त्यातलं निम्मं नव्याकडे जातं, निम्मं जुन्याच्या माळ्यावर राहतं. म्हणून पहिलं काम: आजवरच्या सचिवांची आणि खजिनदारांची यादी करा आणि एकेकाच्या घरी जा. फोन करून "काही कागद आहेत का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येईल. घरी जाऊन चहा घेत "तुमच्या वेळी स्नेहसंमेलनाचं पत्रक कोण लिहायचं?" असं विचारलंत, तर तासाभराने स्वतःच स्टूल घेऊन माळ्यावर चढतील. गेलेल्या सचिवांच्या घरी वहिनींना किंवा सुनेला विचारा. कुठल्या पिशवीत काय बांधलंय हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणखी ठिकाणं सांगतो, कारण आम्हाला ती उशिरा सुचली. भजनी साहित्याची पेटी: टाळांखाली पावती पुस्तकं निघतात. गावच्या देवळातलं कपाट: मुंबईहून गेलेली पत्रं तिथे असतात, कारण पत्र ज्याला जातं त्याच्याकडे ते राहतं, पाठवणाऱ्याकडे नाही. हिशेब तपासणारे लेखापरीक्षक. वर्षानुवर्षं एकाच फोटोग्राफरला बोलावत असाल तर त्याच्याकडच्या निगेटिव्ह. आणि गावची शाळा, जर मंडळाने तिला वर्गखोली, घड्याळ किंवा घंटा दिली असेल तर.

मंडळ नोंदणीकृत असेल तर वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय विसरू नका. मुंबईतल्या बहुतेक मंडळांची नोंदणी दुहेरी असते, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक लेटरहेडवर सापडेल. त्या क्रमांकावर अर्ज करून परिशिष्ट एकची (म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीतल्या उताऱ्याची) आणि जुन्या बदल अर्जांची प्रमाणित प्रत मागा. बदल अर्ज म्हणजे कार्यकारिणी बदलल्यावर द्यावा लागतो तो. बहुतेक मंडळांनी तो वेळेवर दिलेला नसतो, पण जो दिलाय त्यात नावं, पत्ते आणि तारखा सह्यांनिशी असतात. माणसांच्या आठवणी एकमेकींना छेद देऊ लागल्या की हाच कागद कामी येतो. फेऱ्या माराव्या लागतील, सोबत पुस्तक ठेवा.

एका बाबतीत मात्र खरोखर घाई करा. चाळ पुनर्विकासाला गेली असेल तर आजच जा. खोली रिकामी करताना माळ्यावरची पिशवी कुणी उघडून बघत नाही. गावच्या किती खोल्यांची दप्तरं अशी डेब्रिजच्या ट्रकमध्ये गेली याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

लगेच वर्गवारी करू नका

पिशवी मिळाली की हात शिवशिवतात. पावत्या एकीकडे, पत्रं एकीकडे, फोटो एकीकडे. थांबा. आधी पिशवी होती तशी तिचा मोबाईलवर फोटो काढा. कुणाच्या घरून, कुठल्या जागेवरून, कोणत्या तारखेला मिळाली ते एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी पिशवीसोबतच ठेवा. आतल्या गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका.

कारण सांगतो. आमच्याकडे एका गठ्ठ्यात विसेक पावत्या, एक मनीऑर्डरची पोच आणि एक पोस्टकार्ड दोऱ्याने एकत्र बांधलेलं होतं. सुटं सुटं बघितलं तर कशालाच अर्थ नव्हता. एकत्र वाचलं तेव्हा उलगडलं: गावातल्या एका घराला आग लागली होती, खोलीतल्या माणसांनी वर्गणी काढली, पैसे पाठवले, आणि पोचल्याचं कार्ड आलं. इतिवृत्तात याची एक ओळही नाही, कारण सभा झालीच नव्हती. दोरा सोडला असता तर ही हकिकत गेली होती.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवायची पद्धत होती, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. तीच पद्धत घ्या. धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट आणा, प्रत्येक पिशवीतला ऐवज जसाच्या तसा एका रुमालात बांधा, रुमालाला क्रमांक द्या. मग एक साधी वही करा: रुमाल क्रमांक, कुणाकडून मिळाला, आत काय काय, किती पानं. ही तुमची मुख्य वही. कुठला कागद कुठल्या प्रकारचा, ही वर्गवारी करायचीच असेल तर या वहीत करा. कागद जागचे हलवू नका.

ओल, कसर आणि चिकटपट्टी

मुंबईत कागदाचा पहिला वैरी ओल. दुसरी वाळवी. तिसरा, आणि हा घरातलाच, म्हणजे कागद ‘नीट’ करायला निघालेला उत्साही कार्यकर्ता.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, तिचा पिवळा डाग राहतो आणि डागाखालची शाई जाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. नोंदणी प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीला लावायची मंडळांना फार हौस. उष्णतेने चिकटवलेलं ते प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही, आणि आत अडकलेल्या ओलीने कागद खराब होतच राहतो. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा, मूळ प्रत रुमालात ठेवा. टाचण्या, स्टेपल, यू-पिन हळूच काढा, गंजलेल्या असतील तर ओढू नका, मागून पाय उघडून काढा. त्याजागी सुती दोरा किंवा दुमडलेला कोरा कागद.

पान कोरडं असेल तर मऊ ब्रशने धूळ झटका. पानं उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर ती या कामापुरती घरी ठेवून या. कागदाला ऊन दाखवू नका. गोधडीला ऊन चालतं, शाईला नाही. बांधलेल्या रुमालांत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. डांबरगोळ्या टाकायच्याच तर कापडात गुंडाळून कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला लागू न देता. कपाट लोखंडी, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. आषाढ-श्रावणात रुमाल उघडूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा सगळे उघडून बघा.

२६ जुलै २००५ ला मुंबईत आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला किती घरांतले कागद भिजले ते आपण पाहिलंय. भिजलेली वही हाती आली तर पहिल्या दोन दिवसांत हालचाल हवी, नंतर बुरशी धरते. पंख्याखाली सावलीत उभी करून पानं पंख्यासारखी उघडा, अधूनमधून कोरे टिपकागद घाला आणि ते बदलत राहा. पानं एकमेकांना चिकटली असतील तर सोलू नका. सगळं एकदम सुकवणं जमत नसेल तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. मासे ठेवायच्या कप्प्यात इतिवृत्त ठेवल्याबद्दल घरात जे ऐकावं लागेल ते ऐकून घ्या.

तारीख नसलेला कागद

या कामात मला सगळ्यात मजा आली ती इथे. निम्म्या कागदांवर तारीख नसते. पत्रक असतं, त्यावर ‘येत्या रविवारी’. कुठला रविवार? पण कागद स्वतःच वय सांगतो, विचारता आलं पाहिजे.

पावतीवर रुपये, आणे, पै असे तीन रकाने असतील तर पावती पुस्तक बहुतेक १९५७ च्या आधी छापलेलं. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली आणि ‘नये पैसे’ सुरू झाले. मात्र जुनी पुस्तकं संपेपर्यंत वापरणारे काटकसरी खजिनदार असतात, तेव्हा छपाई आणि हाताने लिहिलेली रक्कम दोन्ही बघा. छापलेल्या रकान्यांत कुणी ‘५० न. पै.’ असं लिहिलेलं सापडलं तर ती पावती सोन्याची.

लेटरहेडवरचा पत्ता ‘परळ, मुंबई १२’ असेल तर तो १९७२ च्या आधीचा असण्याची शक्यता दाट. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि मुंबई १२ चं ४०० ०१२ झालं. इथेही तीच मेख, जुनी लेटरहेडं पुढे चालू राहतात. म्हणजे पिनकोड असला तर १९७२ नंतरचा हे पक्कं, नसला तर आधीचा हे अंदाजाने. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, तेव्हा कणकवली-मालवणकडच्या मंडळाच्या कागदावर ‘जि. रत्नागिरी’ असेल तर बहुधा त्याआधीचा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १९६० च्या आधीचा. टेलिफोन क्रमांकाचे आकडे सहा, सात, आठ असे वाढत गेले, त्यावरूनही मागचंपुढचं लावता येतं.

जुन्या वहीत शके घातलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. पण पौष, माघ, फाल्गुनातली नोंद असेल तर इंग्रजी वर्ष बदललेलं असू शकतं, तेव्हा ७९. शिमग्याच्या वर्गणीत हीच चूक हमखास होते, कारण शिमगा फाल्गुनात. आणि वही मोडीत निघाली तर घाबरू नका, फेकूही नका. मोडी वाचणारी माणसं आहेत. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर वाट सापडते.

तुम्ही लावलेली तारीख मूळ कागदावर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, कशावरून लावली तेही लिहा. उद्या कुणाला ती चूक वाटली तर त्याला तुमचा तर्क दिसला पाहिजे.

कीर्द वाचायला शिका

नव्या माणसाला इतिवृत्त महत्त्वाचं वाटतं. मला विचाराल तर इतिवृत्तापेक्षा कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, खरं बोलते. इतिवृत्तात ‘साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते’ असतं. त्या ‘साधकबाधक’मध्ये काय काय झालं ते कीर्दीत ‘तुटलेल्या खुर्च्या २, भरपाई’ अशा नोंदीत कळतं.

वर्गणीदारांच्या याद्या वर्षवार लावून बघा. कोण कधी आला, कुणाचं नाव कधी गळलं, कुठल्या वाडीची नावं कधी एकदम वाढली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि अनेकांच्या बाबतीत तो कधी संपलाच नाही. तुमच्या मंडळाच्या त्या दोन-तीन वर्षांच्या कीर्दी शोधा. थकलेली वर्गणी, माफ केलेली वर्गणी, गावी परतलेल्यांच्या नावापुढची फुली, त्या वर्षी स्नेहसंमेलन झालं की नुसती पूजा. संपावर भाषणं खूप झाली, पण आपल्या गावाच्या माणसांचं काय झालं ते या फुल्यांमध्ये आहे. पुढच्या वर्षांत पत्त्यांचा रकाना बघा: लालबाग, परळ, शिवडी कमी होत जातात आणि डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूर वाढत जातात. त्याच सुमाराला सभेची वेळ रात्री नऊवरून रविवारी सकाळी अकरावर का गेली, हे वेगळं सांगायला नको.

स्मरणिकेतल्या जाहिराती कुणी जपत नाही. जपा. खानावळ, शिंपी, गावी जाणाऱ्या गाड्यांचे एजंट, ढोलकी दुरुस्त करणारे. मजकुराची पानं स्कॅन करून जाहिराती वगळल्यात तर अर्धा गिरणगाव वगळलात.

फोटो आणि त्यातली माणसं

फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, वळ पुढे उमटतो. मऊ पेन्सिलने, कडेला, फक्त क्रमांक. बाकी सगळं वहीत. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या. निघण्यासारखा असेल तर दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा.

नावं मिळवायची जागा म्हणजे स्नेहसंमेलन. जुना समूहफोटो मोठा करून छापा, ए-थ्री पुरे. प्रत्येक डोक्यावर आकडा घाला. जेवणाच्या रांगेशेजारी टेबल टाका, बाजूला वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. दोरा हवाच, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत पेन जातं. मग बघा. ताट हातात धरून माणसं थांबतात. "ह्यो आमचा तात्या न्हाय, तात्याच्या डोक्यावर तवा क्यास व्हते." दोन म्हाताऱ्या एका आकड्यावर हमरीतुमरीवर येतात. तुम्ही न्यायनिवाडा करू नका, सांगितलेली सगळी नावं लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना

कागद दहा वर्षं थांबेल, माणूस थांबणार नाही. तेव्हा कागदांची जमवाजमव चालू असतानाच मुलाखती सुरू करा, आणि वयाने सगळ्यात मोठे आधी.

एकेकट्यापेक्षा एका खोलीत राहिलेल्या दोघांना एकत्र बसवा. एक विसरला की दुसरा आठवण देतो, एकाने फेकलं की दुसरा हसतो. पंखा बंद करा, मे महिना असला तरी. मोबाईल दुमडलेल्या हातरुमालावर ठेवा आणि एअरप्लेन मोडवर टाका. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर माणसं बोलून घ्या आणि "हे मंडळाच्या दप्तरात ठेवलं तर चालेल ना?" असं विचारून त्यांचं उत्तरही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.

"मंडळाच्या कार्याविषयी दोन शब्द सांगा" असं विचारलंत की भाषण सुरू होईल. त्याऐवजी विचारा: खोलीत ट्रंक कुठल्या भिंतीला होती? खानावळीचा महिना किती? रात्रपाळीवाला दिवसा झोपला की बाकीचे कुठे बसायचे? गावी बोटीने गेलात की एसटीने? साल विचारू नका, कुणालाच आठवत नाही. खुंट्या द्या. रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७) तेव्हा तुम्ही मुंबईत होता का? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा खोलीत कोण कोण होतं? बहात्तरचा दुष्काळ, गिरणी संप, कोकण रेल्वे. या खुंट्यांना आठवणी आपोआप टांगल्या जातात.

उतरवून घेताना भाषा सुधारू नका. ते ‘त्यान सांगितलान’ म्हणाले असतील तर ‘त्याने सांगितलं’ करू नका. आमच्या एका शिक्षक सभासदांनी अतिशय प्रेमाने दोन मुलाखती शुद्ध करून दिल्या. वाचल्यावर वाटलं, खोलीतली सगळी माणसं सदाशिव पेठेत वाढली. मूळ ध्वनिफीत जपली होती म्हणून वाचलो.

आता जरा अवघड. जुन्या वह्यांत बाईचं नाव शोधा. बहुतेक नाही सापडणार, ‘महिला वर्ग’ एवढंच सापडेल. पण खानावळी चालवणाऱ्या बायका होत्या, गावी राहून मनीऑर्डरीवर घर आणि शेती रेटणाऱ्या होत्या, पुढे हळदीकुंकवाच्या निमित्ताने वर्गणी गोळा करणाऱ्या होत्या. मुलाखतींची निम्मी यादी त्यांची असू द्या, आणि बोलायला शक्यतो बाईनेच जावं.

दुसरं, मंडळाच्या नावात गावाचं नाव असतं, पण यादीत सगळ्या वाड्या असतात का? बौद्धवाडीचं मंडळ मुंबईत वेगळं असेल, एखाद्या वाडीने मानपानावरून किंवा पालखीवरून वेगळं मंडळ काढलं असेल. तुमच्या वहीत याबद्दल मौन असेल. त्यांच्याकडे जा, त्यांची वही बघू द्या म्हणून विनंती करा, आणि आपल्या लिखाणात ‘संपूर्ण गावाचं मंडळ’ हे शब्द वापरण्याआधी यादी पुन्हा वाचा. फूट, कोर्टकज्जे, अफरातफरीचे आरोप यांचे कागदही जपा. फाडा म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा की जपणं वेगळं आणि छापणं वेगळं. नाजूक कागद पाकिटात घालून सील करा, वर अमुक सालापर्यंत उघडू नये असं लिहा आणि कार्यकारिणीची सही घ्या. आजारपणाच्या मदतीचे अर्ज, आधारच्या प्रती, बँकेचे तपशील हे तर कुठल्याच ग्रुपवर जाता कामा नये.

स्कॅन करणं

याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि हे सगळ्यात सोपं आहे. सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरे. लिखित पान ३०० डीपीआय, छोटा फोटो ६००. फोटोंची मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपेग. शिवण नाजूक असेल तर वही काचेवर पालथी दाबू नका, खिडकीच्या उजेडात वरून मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश बंद. कोरी पानं आणि मुखपृष्ठसुद्धा घ्या, नाहीतर नंतर कळत नाही की पान कोरं होतं की सुटलं.

फाइलला ‘स्कॅन नवीन फायनल २’ असलं नाव देऊ नका. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग रुमाल क्रमांक, मग पान. इंग्रजी अक्षरं आणि अंक वापरा, म्हणजे कुठल्याही संगणकावर ओळीने लागतात. साल माहीत नसेल तर शून्यं घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र बारीक होतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तीन प्रती ठेवा: एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि एक हार्ड डिस्क गावी. मुंबईत पाणी शिरलं तर गावची वाचेल, गावी शिरलं तर मुंबईची. क्लाउडचं खातं कुणाच्या खासगी ईमेलवर नको, मंडळाच्या नावाने काढा आणि पासवर्ड किमान तीन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या. पेनड्राइव्हवर विसंबू नका. हार्ड डिस्क दर वर्षी पूजेच्या आधी एकदा जोडून दहा फाइली उघडून बघा.

मूळ कागद स्कॅन झाले म्हणून रद्दीत घालायचा ठराव कुणीतरी मांडेलच. हाणून पाडा.

दप्तर कुणाचं

शेवटचं काम सभेतलं. ‘मंडळाचं सर्व जुनं दप्तर, फोटो, ध्वनिमुद्रणं व त्यांच्या संगणकीय प्रती ही मंडळाची मालमत्ता असून ती कुणाही पदाधिकाऱ्याची वैयक्तिक राहणार नाही’ असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. कार्यकारिणी बदलेल तेव्हा ताबा यादी करा: रुमाल किती, वह्या किती, डिस्क कुठली, पासवर्ड कुणाकडे. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. हिशेबाच्या वहीला हा नियम बहुतेक मंडळं लावतात, तोच इथे लावायचा. स्मरणिका आणि अहवालांची एकेक प्रत गावच्या वाचनालयात आणि मुंबईतल्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात देऊन पोच घ्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था आपल्या शहरात आहे, विचारायला काय हरकत.

आणि यंदाच्या स्नेहसंमेलनाचं पत्रक, प्रवेशिका, जेवणाच्या ठेकेदाराचं बिल आणि हजेरीची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या रुमालात बांधा. हल्ली बिल त्या गुळगुळीत कागदावर येतं, त्याची शाई वर्षा-दोन वर्षांत उडते. आधी त्याची झेरॉक्स काढा.